उरलेल्या बॉड्यांवर उभी राहिलेली गाडी : ऑबर्न 851 स्पीडस्टरचं प्रकरण

1934 साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, ऑबर्न नावाच्या लहानशा गावातली एक कार कंपनी मोठ्या अडचणीत होती. त्या वर्षीची नवी मॉडेलं गिऱ्हाइकांच्या मनात भरली नव्हती. पैसा आटत चालला होता. आणि त्याच राज्यातल्या युनियन सिटी इथल्या बॉडी-कारखान्यात जुन्या स्पीडस्टर मॉडेलच्या बॉड्या खप नसल्यामुळे तशाच पडून होत्या. 1935 च्या सुरुवातीला याच कंपनीने लोकांपुढे आणलेली दोन माणसांची उघडी गाडी आजही अमेरिकेतल्या सर्वांत देखण्या गाड्यांमध्ये गणली जाते. ती बाजारात आली त्याला तीन वर्षं व्हायच्या आत कंपनी दिवाळखोरीत निघाली.

ही गाडी म्हणजे ऑबर्न 851 स्पीडस्टर. तिच्याबद्दल बोलताना बहुतेक जण एकच गोष्ट सांगतात : गाडी अप्रतिम होती, महामंदीने तिला खाल्लं. मला हे कारण पुरेसं वाटत नाही. मंदी सगळ्यांवरच आली होती, आणि त्याच मंदीत, त्याच महिन्यांत, दुसरी एक महागड्या गाड्यांची कंपनी सावरली. तिची हकीकत पुढे येईलच. ऑबर्नचं काय चुकलं हे समजून घ्यायचं तर गाडी बाजूला ठेवून दहा वर्षं मागे जावं लागतं.

1924 : आवारातल्या सातशे गाड्या

ऑबर्नची मुळं घोडागाड्यांत होती. एकहार्ट कुटुंबाचा बग्ग्या बनवायचा कारखाना होता. त्यातल्या दोन भावांनी विसाव्या शतकाच्या तोंडावर मोटारीला हात घातला. 1919 मध्ये शिकागोच्या काही धनिकांनी कंपनी विकत घेतली. च्युइंग गमवाले विल्यम रिग्ली त्यांतले एक. पण खप वाढला नाही, आणि 1924 मध्ये त्यांनी एरेट लोबन कॉर्ड या तिशीतल्या विक्रेत्याला बोलावून घेतलं.

कॉर्ड आला तेव्हा कारखान्याच्या आवारात सुमारे सातशे गाड्या विकल्या न जाता उभ्या होत्या. त्याने इंजिनाला हात लावला नाही. गाड्यांना भडक, जोडरंगांचा नवा रंग दिला, दिसणाऱ्या धातूवर निकेलचा मुलामा चढवला, आणि गाड्या विकल्या गेल्या. या एका कामगिरीवर त्याचा कंपनीतला शब्द वाढला. 1926 मध्ये तो अध्यक्ष झाला.

मला या प्रकरणातली किल्ली इथेच सापडते. पडून राहिलेल्या मालाला नवं रूप द्या, गिऱ्हाईक येईल, हा धडा कंपनीने 1924 मध्ये घेतला. 1934 मध्ये अडचण आली तेव्हा तोच पुन्हा वापरला. फरक असा की 1924 मध्ये लोकांच्या खिशात पैसा होता आणि ते नुसते दुसऱ्याच्या शोरूममध्ये जात होते. तेव्हा रंग आणि चमक यांनी त्यांना आपल्याकडे वळवता आलं.

पुढची सात वर्षं कॉर्डची होती. 1926 मध्ये त्याने इंडियानापोलिसची ड्यूसेनबर्ग कंपनी घेतली. लायकमिंग ही पेनसिल्व्हेनियातली इंजिन कंपनीही त्याच्याकडे आली. 1928 मध्ये ऑबर्नने नावेच्या टोकासारखी निमुळती शेपटी असलेली पहिली स्पीडस्टर आणली. वेड मॉर्टनने ती डेटोनाच्या वाळूवर ताशी 108 मैलांपर्यंत पळवली. त्याच वर्षाच्या अखेरीस ड्यूसेनबर्ग मॉडेल जे आली : 6.9 लिटरचं सरळ रांगेतलं आठ सिलिंडरचं इंजिन, 265 अश्वशक्ती, आणि बॉडी नसलेल्या नुसत्या चासीची किंमत 8,500 डॉलर. 1931 साली, मंदी ऐन भरात असताना, ऑबर्नने 28 हजारांहून अधिक गाड्या विकल्या. आजवरचा तो उच्चांक होता. त्या वर्षीची ऑबर्न मोठी होती, रुबाबदार होती आणि किमतीच्या मानाने फारच परवडणारी होती. लोकांनी जिथे पैशाचं मोल मिळतं तिथे पैसा टाकला.

इथून उतरण लागली ती मात्र झपाट्याने. 1932 मध्ये कंपनीने 160 अश्वशक्तीची, बारा सिलिंडरची ऑबर्न आणली आणि तिची किंमत 975 डॉलरपासून ठेवली. हजार डॉलरच्या आत बारा सिलिंडर देणारं तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. तरी गाडी चालली नाही. बारा सिलिंडरची गाडी घेणाऱ्याला स्वस्त गाडी नको होती, आणि स्वस्त गाडी हवी असणाऱ्याला बारा सिलिंडरचं पेट्रोल परवडत नव्हतं, असं मला दिसतं. 1933-34 पर्यंत वार्षिक खप पाच-सहा हजारांवर येऊन ठेपला.

याच काळात मालकाचं लक्ष दुसरीकडे गेलेलं होतं. कॉर्डच्या हाती आता स्टिन्सन ही विमानं बनवणारी कंपनी होती, न्यूयॉर्क शिपबिल्डिंग ही जहाजांची गोदी होती, चेकर टॅक्सीत भागीदारी होती, आणि अमेरिकन एअरवेजवर नियंत्रण होतं. 1934 मध्ये तो इंग्लंडला जाऊन राहिला. ऑबर्नमध्ये तयार झालेली 1934 ची मॉडेलं डीलरांनाही रुचली नव्हती. ड्यूसेनबर्गचा अध्यक्ष हॅरोल्ड एम्स याला ऑबर्नची घडी बसवायला पाठवण्यात आलं. त्याने दोन माणसं सोबत आणली : डिझायनर गॉर्डन ब्युरिग आणि इंजिनिअर ऑगस्ट ड्यूसेनबर्ग. ऑगस्टचा थोरला भाऊ फ्रेड 1932 मध्ये आपल्याच गाडीच्या अपघातानंतर वारला होता.

हातात होतं ते सामान

ब्युरिग तेव्हा तिशीचा होता. ड्यूसेनबर्गसाठी गाड्या आखताना त्याला पैशाची फिकीर करावी लागली नव्हती. गिऱ्हाईक सांगेल ते करायचं आणि बिल पाठवायचं. ऑबर्नमध्ये सगळं उलट होतं. सेडान गाड्यांची बॉडी 1934 ची तीच ठेवायची, फक्त नाक बदलायचं, असा हुकूम होता. आणि शोरूममध्ये गर्दी खेचायला एक लक्षवेधी गाडी हवी होती, तीही नव्या डायचा, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याचा, खर्च न करता.

चाकण किंवा पिंपरीच्या प्रेसशॉपमध्ये काम केलेल्यांना इथे अडचण कुठे होती हे सांगावं लागणार नाही. पत्र्याचा एक मोठा भाग दाबून काढायचा तर डाय लागतो, आणि डायचा खर्च हजारो गाड्यांवर वाटला तरच परवडतो. थोड्याशा गाड्यांसाठी डाय करायचा म्हणजे आतबट्ट्याचा धंदा. उरतो तो हातोडीचा रस्ता.

ब्युरिगने युनियन सिटीतल्या पडून राहिलेल्या स्पीडस्टर बॉड्या घेतल्या. त्यांचं दार, समोरची तिरपी, मधोमध दुमडलेली काच आणि बसायची जागा कामाची होती. शेपूट कामाची नव्हती. त्याने वेमन या बॉड्या बनवणाऱ्या कंपनीसाठी आधी एक ड्यूसेनबर्ग स्पीडस्टर आखली होती. तिची शेपूट त्याच्या मनात पक्की होती. तीच रेघ त्याने इथे उतरवली. मडगार्डसाठी त्याने आणखी शहाणपणाची वाट काढली. ऑबर्नच्या नेहमीच्या मडगार्डचा वरचा गोलावा घेतला, तो डाय कारखान्यात होताच. खालचा, मागे निमुळता होत जाणारा भाग कारागिरांनी हाताने ठोकून जोडला. या जोडकामातून मडगार्ड थेंबाच्या आकाराचं झालं : पुढून फुगीर, मागे टोकाला आलेलं. गाडीला मागून बघितलं की मधली शेपूट आणि दोन्ही बाजूंची मडगार्ड असे तीन थेंब शेजारी शेजारी ओघळल्यासारखे दिसतात.

गाडीभोवती एक फेरी मारली तर डोळा कुठे कुठे थांबतो ते सांगतो. पुढे उभट, मागे झुकलेली जाळी. तिच्या दोन बाजूंना थेंबाच्याच आकाराचे दिवे. मग लांबच लांब बॉनेट, आणि त्याच्या डाव्या अंगातून बाहेर येऊन खाली मडगार्डमध्ये शिरणाऱ्या चार चकचकीत, वेटोळ्या धातूच्या एग्झॉस्ट नळ्या. बॉनेटच्या बाजूवर ‘सुपरचार्ज्ड’ ही अक्षरं. दार लहान. दोनच माणसं बसतील अशी जागा. कापडी टप दुमडला की तो पत्र्याच्या झाकणाखाली पूर्ण नाहीसा होतो, त्यामुळे टप उघडलेल्या गाडीची पाठरेघ कुठेही तुटत नाही. दाराच्या मागे बॉडीत एक छोटं झाकण आहे, गोल्फच्या काठ्या ठेवायला. डिकीचं दार मात्र नाही. सामान सीटच्या मागून आत ढकलायचं. सोयीच्या दृष्टीने हे वाईटच. पण त्या शेपटीवर डिकीच्या दाराची रेघ मारली असती तर तिचा आकारच मोडला असता. ब्युरिगने रेघ वाचवली, आणि या गाडीपुरता तो निर्णय बरोबर होता असं मी मानतो, कारण ही गाडी बघणाऱ्यांसाठी होती.

मला या डिझाइनबद्दल मनापासून जिव्हाळा आहे, आणि त्याचं कारण तिचा दिखाऊपणा नाही. पैसा नसताना काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ज्याला कळतं त्याचा हात यात दिसतो. नवी बॉडी पहिल्यापासून करायला मिळाली असती तर ब्युरिगने कदाचित वेगळी गाडी केली असती. इतकी आटोपशीर झाली असती की नाही, याबद्दल मला शंका वाटते.

मिनिटाला 24 हजार फेरे

दिसण्याला साजेसा वेग हवा होता. कंपनीकडे नवं इंजिन काढायचा पैसा नव्हता. लायकमिंगचं आठ सिलिंडरचं, 4.6 लिटरचं, बाजूला व्हॉल्व्ह असलेलं साधं इंजिन होतं, 115 अश्वशक्तीचं. ऑगस्ट ड्यूसेनबर्गने त्याला श्विट्झर-कमिन्स कंपनीचा सुपरचार्जर बसवला.

साध्या इंजिनात पिस्टन खाली जातो तेव्हा पोकळी होते आणि बाहेरची हवा आपल्या दाबाने आत येते. वेग वाढला की हवेला आत यायला वेळ पुरत नाही. सिलिंडर अर्धपोटी राहतो. सुपरचार्जर म्हणजे कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये बसवलेला, अतिशय वेगाने फिरणारा छोटा पंखा. तो पेट्रोल मिसळलेली हवा मध्यातून ओढतो, कडेला फेकतो आणि जोराने सिलिंडरात कोंबतो. ऑबर्नच्या सुपरचार्जरचा पंखा इंजिनाच्या सहापट वेगाने फिरायचा. इंजिन मिनिटाला 4,000 फेऱ्यांवर असलं की पंखा 24,000 वर. इतक्या वेगाला दातेरी चाकं लावली तर आवाज आणि झीज दोन्ही असह्य होतील, म्हणून वेग वाढवायचं काम तेलातल्या गुळगुळीत रोलरांवर सोपवलं होतं. ते एकमेकांवर दाबून फिरत. या सगळ्याचा परिणाम म्हणजे 115 ची 150 अश्वशक्ती झाली. त्याच इंजिनातून 30 टक्के जास्त ताकद, आणि सुपरचार्जर स्पीडस्टरपुरता राखून ठेवला नव्हता. 851 च्या सेडान आणि इतर बॉड्यांतही तो मिळत असे.

मागच्या आसात आणखी एक खुबी होती. कोलंबिया कंपनीचा हा आस दोन गुणोत्तरांचा होता : सुमारे 5 ला 1 आणि सुमारे 3.5 ला 1, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे आसाकडे येणाऱ्या दांड्याचे पाच किंवा साडेतीन फेरे. चढावर किंवा शहरात पहिलं वापरायचं, मोकळ्या रस्त्यावर दुसरं. दुसऱ्यात त्याच वेगाला इंजिन जवळजवळ एक तृतीयांश कमी फिरतं. गडगडाट शांत होतो. तीन गिअरची गाडी अशा रीतीने सहा गिअरची होते. तासन् तास शंभर मैलांच्या वर पळायचं असेल तर इंजिन जगवायला ही सोय सुपरचार्जरइतकीच महत्त्वाची, पण जाहिरातीत तिचा गाजावाजा कमी झाला, कारण ती बाहेरून दिसत नाही.

आता तो वेग कोणी दाखवायचा? सॉल्ट लेक सिटीचा एब जेंकिन्स हा व्यवसायाने बांधकाम कंत्राटदार. श्रद्धाळू मॉर्मन, दारू-तंबाखूपासून लांब. बॉनव्हिलच्या मिठागरावर, जिथे क्षितिजापर्यंत पांढरी सपाट जमीन पसरलेली आहे, तो एकटा तासन् तास गाडी चालवत बसायचा. 1935 च्या उन्हाळ्यात त्याने तिथे 851 स्पीडस्टर बारा तास चालवली. सरासरी आली ताशी 102.9 मैल, म्हणजे साधारण 165 किलोमीटर. दुकानात मिळते तशी, पूर्ण सामानासह असलेली अमेरिकन गाडी बारा तास शंभर मैलांच्या वर सरासरी राखू शकते, हे पहिल्यांदा सिद्ध झालं. त्याच वर्षी त्याने ड्यूसेनबर्गच्या खास गाडीवर चोवीस तासांत ताशी 135 मैलांची सरासरीही काढली. हाच गृहस्थ पुढे 1940 ते 1944 सॉल्ट लेक सिटीचा महापौर होता.

कंपनीने या नावाचा उपयोग मोठ्या हुशारीने केला. स्पीडस्टरच्या डॅशबोर्डवर धातूची एक छोटी पट्टी बसवलेली असे. ही गाडी कारखान्यातून निघण्यापूर्वी ताशी 100.8 मैलांनी चालवलेली आहे, असं प्रमाणपत्र तिच्यावर, आणि खाली एब जेंकिन्सची सही. प्रत्येक गाडी त्याने स्वतः शंभरावर नेली असेल हे मला पटत नाही. एका माणसाने ते केव्हा करावं? पण घेणाऱ्याच्या दृष्टीने त्या पट्टीचा अर्थ सरळ होता. 1935 मध्ये बहुसंख्य अमेरिकन रस्त्यांवर ताशी 60 मैल हाही धाडसाचा वेग होता, आणि इथे लेखी हमी शंभराची होती. गिऱ्हाइकाला पट्टीवरच्या शब्दांवर बोट ठेवून वाचता येत होतं. विक्रेत्याला याहून सोपं हत्यार मिळत नाही.

2,245 डॉलर

गाडीची किंमत 2,245 डॉलर ठेवली होती. साधी फोर्ड तेव्हा पाचशे डॉलरच्या आसपास मिळायची, आणि ड्यूसेनबर्गची नुसती चासी एव्हाना 9,500 डॉलरला गेली होती. ऑबर्नने निम्म्याहून किती तरी कमी पैशांत तोच थाट दिला. पण हाताने ठोकलेली मडगार्ड, हाताने बसवलेली शेपूट आणि सुपरचार्जर धरून गाडी 2,245 डॉलरमध्ये विकून कारखान्याला काही उरेल अशी शक्यता नव्हती. हे ऑबर्नच्या लोकांना ठाऊक होतं. स्पीडस्टरचं काम नफा मिळवणं हे नव्हतंच. लोकांनी शोरूममध्ये यावं, स्पीडस्टरभोवती फिरावं, आणि जाताना सेडान घेऊन जावं, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती.

ती अपेक्षा तिने पुरी केली. लोक आले. पण स्पीडस्टरच्या शेजारी उभी असलेली सेडान मागच्या वर्षी ज्यांना नको होती तीच होती, फक्त नवं नाक लावलेली. 1935 मध्ये सगळ्या ऑबर्न मिळून सुमारे पाच हजारच विकल्या गेल्या. आदल्या वर्षापेक्षा आकडा हललाच नाही. दुकानाच्या दर्शनी भागात पैठणी लावायची आणि आत मागच्या हंगामातला शिळा माल, असं झालं तर गिऱ्हाईक पैठणीचं कौतुक करून पुढच्या दुकानात जातं.

आणि पुढचं दुकान त्याच महिन्यात उघडलं होतं. जानेवारी 1935 मध्ये डेट्रॉइटच्या पॅकार्ड कंपनीने वन ट्वेंटी नावाची गाडी आणली. पॅकार्ड म्हणजे बड्या लोकांची गाडी, मंदीने तीही घायाळ झाली होती. तिने काय केलं? मोठ्या कारखान्यांतून उत्पादन जाणणारी माणसं आणली, स्वतंत्र उत्पादन-रेषा उभी केली, आणि आठ सिलिंडरची, 110 अश्वशक्तीची, कुटुंबाला बसता येईल अशी गाडी 980 डॉलरपासून विकायला काढली. पहिल्याच वर्षी ती जवळजवळ 25 हजार खपली. नाव पॅकार्डचं, किंमत मध्यमवर्गाची. पॅकार्डकडे गंगाजळी होती आणि ऑबर्नकडे नव्हती, हे खरं. पण 1931 मध्ये ऑबर्नकडेही पैसा आला होता, आणि नेमकं हेच गिऱ्हाईक आलं होतं : मोठी गाडी रास्त भावात मागणारं. त्या पैशाने सेडान आणि डीलर यांची पाठ राखायची वेळ होती. तेव्हा समूहाचा मालक विमानं आणि जहाजं विकत घेण्यात गुंतला होता. 1935 चा निकाल मला 1931 नंतरच्या तीन वर्षांत लागलेला दिसतो. स्पीडस्टर आली तेव्हा फार उशीर झाला होता.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण त्यातला एक धागा मराठी माणसाच्या ओळखीचा आहे. याच समूहाच्या ड्यूसेनबर्ग गाड्यांच्या मोजक्या परदेशी गिऱ्हाइकांत इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) हेही होते. त्यांनी अमेरिकेतून सुपरचार्ज्ड एसजे मॉडेलची लांब चासी घेतली आणि लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून तिच्यावर दोन माणसांची स्पीडस्टर बॉडी घडवून घेतली. माणिकबाग राजवाड्यात युरोपातलं नवं फर्निचर आणवणाऱ्या या राजाला रेघेची पारख होती. त्याच सुमारास हॉलिवूडचे गॅरी कूपर आणि क्लार्क गेबल यांच्याकडे ड्यूसेनबर्ग एसएसजेच्या दोन आखूड चासीच्या गाड्या गेल्या. जगात एवढ्या दोनच बनल्या. कूपरकडची गाडी 2018 मध्ये लिलावात 2 कोटी 20 लाख डॉलरला गेली. अशी गिऱ्हाइकं कोणत्याही कंपनीला भूषण असतात. पण महाराजे आणि नट यांच्या हिशेबावर कारखान्यातल्या कामगारांचा महिन्याचा पगार निघत नाही, आणि कॉर्ड समूहाच्या गाड्यांच्या तिन्ही नावांपैकी (ऑबर्न, ड्यूसेनबर्ग आणि मालकाच्याच नावाची कॉर्ड) दोन नावं याच वर्गाकडे बघत होती. रोजच्या गिऱ्हाइकाची जबाबदारी ऑबर्नवर होती. तीच ऑबर्न दुबळी झाली.

852, आणि त्यानंतर

1936 ची स्पीडस्टर ओळखायची कशी, असं कोणी विचारलं तर उत्तर एवढंच : जाळीवरच्या बिल्ल्यावर 851 च्या जागी 852 वाचा. गाडी तीच होती. ज्या कंपनीला एका वर्षात फक्त एक अंक बदलणं जमतं, तिच्या कारखान्यात काय चाललं असेल याचा अंदाज तेवढ्यावरून बांधता येतो.

ब्युरिग आणि उरलेला पैसा दोन्ही तेव्हा नव्या कॉर्ड 810 मध्ये अडकले होते. पुढच्या चाकांना ताकद देणारी, दिवे मडगार्डमध्ये लपवणारी ती गाडी नोव्हेंबर 1935 मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडली गेली. ते लपणारे दिवेसुद्धा समूहातल्याच स्टिन्सन विमानाच्या लँडिंग लाइटवरून घेतलेले होते. प्रदर्शनाच्या नियमासाठी शंभर गाड्या तयार असणं भाग होतं, तेव्हा त्या हाताने, घाईघाईत बनवल्या; त्यांत गिअरबॉक्सच नव्हता. ऑर्डरींचा पाऊस पडला आणि गाड्या मात्र महिनोन् महिने मिळाल्या नाहीत. 1937 पर्यंत, दोन वर्षांत मिळून, तीन हजारांच्या आसपासच कॉर्ड बनल्या. पुन्हा तेच : दर्शनी काचेत विलक्षण वस्तू आणि मागे पोहोचवायला माल नाही.

ऑबर्न नावाची शेवटची गाडी 1936 ची. ऑगस्ट 1937 मध्ये एरेट कॉर्डने समूहातला आपला हिस्सा विकला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ऑबर्न ऑटोमोबाइल कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कॉर्ड पश्चिमेकडे गेला, जमिनी आणि रेडिओ केंद्रांत पैसा कमावला, नेवाडात काही काळ राज्याच्या सिनेटमध्ये बसला.

गाड्या बनणं थांबलं तरी त्या चालवणारे होते, त्यांना सुटे भाग लागत होते. डॅलस विन्स्लो नावाच्या उद्योजकाने ऑबर्नमधली जुनी मालमत्ता घेऊन कित्येक वर्षं सुटे भाग विकले, दुरुस्त्या केल्या. 1960 मध्ये ते सगळं ग्लेन प्रे या ओक्लाहोमातल्या शिक्षकाने विकत घेतलं आणि ब्रोकन अॅरोला नेलं. तिथे त्याने 1966 मध्ये ऑबर्न 866 या नावाने स्पीडस्टरच पुन्हा उभी केली, फोर्डच्या व्ही-8 इंजिनावर. सेडानची नक्कल करावी असं तेव्हा कोणाला वाटलं नाही.

ऑबर्न गावात कंपनीची मुख्य कचेरी अजून उभी आहे. 1930 मध्ये, खप चढत असताना बांधलेली, आर्ट डेको घाटाची इमारत. तळमजल्यावर रस्त्याकडे मोठ्या काचा असलेलं शोरूम, टेराझोची नक्षीदार जमीन, वर त्या काळचे दिवे. कॉर्ड जानेवारी 1974 मध्ये वारला. त्याच वर्षी त्या इमारतीत ऑबर्न, कॉर्ड आणि ड्यूसेनबर्ग गाड्यांचं संग्रहालय सुरू झालं. दरवर्षी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या आगेमागे, म्हणजे लेबर डेच्या सुट्टीत, देशभरातले मालक आपापल्या गाड्या चालवत गावात येतात. त्या गर्दीत स्पीडस्टरची ओळख लांबूनच पटते, पाठमोरी असली तरी.